शेवंडीचं रक्त

जेटीवर बसून मी शेवंडीच्या पायाच्या सांध्यातून सुईने रक्त काढत होते. पाण्यासारखं, किंचित निळसर रक्त. शेवंड, शहरात जिला लॉबस्टर म्हणतात ती, शेपटी आपटत होती आणि तिच्या लांब मिशा हवेत काहीतरी चाचपत होत्या. जाळी सोडवत बसलेल्या हिराकाकी माझ्याकडे टक लावून बघत होत्या. शेवंड त्यांच्याच होडीने आणलेली.

"यातून काय कळतं गं?"

"अंडी कधी घालणार ते. रक्तातल्या हार्मोनवरून."

"म्हणजे तेवढे महिने आमची जाळी बंद."

मी नाही म्हटलं नाही. मत्स्यखात्याला द्यायचा माझा अहवाल त्यासाठीच होता.

"पहाटे ही जाळ्यात अडकली, मग टोपलीत तडफडली, आता तुझ्या मुठीत आहे. भेदरलेल्या जिवाचं रक्त खरं बोलतं होय?"

मी हसले. पण प्रयोगशाळेत आकडे उतरवताना हात थांबला. हा आकडा समुद्रातल्या शेवंडीचा, की पकडल्या गेलेलीचा? दवाखान्यात माझं ब्लडप्रेशर नेहमी जास्त भरतं, घरी नाही. नोकरीच्या मुलाखतीत मला माझ्याच गावाचं नाव आठवेना. आपण एकमेकांना ओळखतो तेही बहुधा असं, कोंडीत धरून. आणि मग ठामपणे सांगतो, की हा माणूस असा आहे.

पुढच्या आठवड्यात मी काकींना विचारलं, "होडीवर येऊ? जाळं वर आल्याबरोबर रक्त घेईन."

"ये. पण माझा संशय गेलेला नाही हां."

"माझाही," मी म्हटलं, आणि होडीत चढायला त्यांनी पुढे केलेला हात धरला.