सुदामच्या घरचं एक जेवण

सन २०२४, वैशाखाचा पहिला आठवडा. तुळजापूरकडच्या वाशी तालुक्यातल्या माझ्या खव्याच्या भट्टीवर लग्नसराईची ऑर्डर आणि माझा उजवा हात प्लास्टरमध्ये! खवा सारखा हलवावा लागतो. हलवणाऱ्याचा हात कढईशी बांधलेला, तोंड मात्र मोकळं. म्हणून भट्टीवर किस्से साचतात. सगळे सांगत नाही. सुदामचे सांगतो.

*

हलवायला माणूस मिळेना. शेवटी बौद्ध वस्तीतल्या सुदामला फोन केला. एसटीतून रिटायर झालेला मेकॅनिक, माझ्याच वयाचा. चाळीस वर्षांची ओळख, पण त्याच्या घरचं पाणी मी कधी प्यालो नव्हतो. तो लगेच आला.

"मजुरी काय घेशील?"

"पैसा नको, अण्णा. एक डाव माझ्या घरी जेवाय या."

अडलो होतो. "येतो," म्हणालो. शब्द दिला की ते देणंच.

*

तिसऱ्या दिवशी मी विचारलंच, "तुम्ही लोक देव मानत न्हाय. मग संकटात हाक कुणाला मारता?"

सुदाम हलवत राहिला. "तुमी कुणाला मारली, अण्णा? मला मारली की!"

*

तो जेवायला बोलवायचा, मी टाळायचो. सोमवारी उपवास. मंगळवार भवानीचा. मग गुरुवार, एकादशी, चतुर्थी.

शेवटी तो म्हणाला, "तुमच्या देवांनी जेवाय एखादा दिस मोकळा ठेवलाय का न्हाय?"

दोघंही हसलो. मी आधी थांबलो.

*

तोही धुतल्या तांदळाचा नव्हता; आमच्याबद्दल त्याचेही समज होतेच. म्हणाला, "मला वाटायचं, तुमच्या घरात रोज दूध-तूप. भूक ठाव नसंल."

"बहात्तरच्या दुष्काळात आपल्याच तलावाच्या कामावर खडी फोडलीय मी. सरकारी सुकडी खाऊन!"

"त्याच तलावावर? म्या बी तिथंच व्हतो."

मग खरं सांगावं लागलं. "तुमच्या लोकांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचं काम माझ्याकडं होतं."

"म्हंजी ते तुमी व्हय! त्यातलं पेलोय म्या."

त्याचं उलथणं थांबलं. मीही 'हलव' म्हणालो नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझा खवा तळाला लागला!

तुळजापूरच्या पेढेवाल्याला, खवा लागलाय हे खरं सांगून तसाच पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन. मी शिव्या खायच्या तयारीत.

"अण्णा, आजचा खवा लई खरपूस! रोज असाच द्या!"

सुदाम म्हणाला, "मग रोज असंच बोलाय लागंल!"

*

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. भावकीतल्या एकानं रस्त्यात हटकलं, "अण्णा, तिकडं कुणीकडं?"

"सुदामकडं जेवायला!" गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं.

सुदामच्या बायकोनं माझ्यापुढं स्टीलचं नवं ताट ठेवलं. स्टिकरही निघाला नव्हता. सुदामपुढं नेहमीचं, पोचे पडलेलं.

"तुमच्यासाठी येगळं आणलंय, अण्णा. आमच्यातलं कुणी यात जेवलं न्हाय."

मी दोन्ही ताटं उचलली आणि बदलली.

"वाढा, वहिनी."

येसराची, म्हणजे भाजल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि ज्वारीची भाकरी. दोन खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. देणं फिटलं.