सम्राट सरांवर शालूबाईंची पाळत

शालूबाईंचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. गिरणीतल्या डंकावर चटणी कुटायला नेली, की आपली मिरची डोळ्यांदेखत कुटून पदरात पडेपर्यंत त्या तिथून हलत नसत. शिंकून शिंकून बेजार होत, पण जागा सोडत नसत. नवरा गेल्यावर याच चटणीच्या धंद्यावर त्यांनी लेकीला, क्रांतीला, शिकवलं. पोरीला कागलच्या एमआयडीसीत नोकरी लागली, तेव्हा बसमध्ये कसली कसली माणसं असतात म्हणून त्यांनी धाकट्या भावाला, हंबीररावाला, तिची मोटारसायकलवरून ने-आण करायला लावलं. सख्खा मामा तो. त्याच्यावर कसला संशय घ्यायचा?

अशात क्रांतीनं हापकिडोचा क्लास लावला. कुणी अंगाशी आलंच तर त्याच्या तावडीतून सुटायचं कसं, ते शिकवणारी ही कोरियन विद्या. शालूबाईंच्या डोक्यात किडा वळवळला. एवढ्या तालमींच्या गावात पोरीला कोरियाचं खूळ सुचतं, म्हणजे पाणी कुठंतरी मुरत होतं. त्यातून शिकवणारे सम्राट सर तिशीतले, बिनलग्नाचे. त्या सरळ क्लासात जाऊन भिंतीला टेकून बसल्या.

सरांनी एका पोरीचं मनगट धरलं आणि शालूबाई ताडकन उठल्या.

"ओ पावणं, हात कशाला धरताय?"

"धरल्याशिवाय सोडवायचा कसा शिकवू, मावशी? तुमच्या पोरीचा तुमीच धरा की."

शालूबाईंनी क्रांतीचं मनगट आवळलं. क्रांतीनं कोपर पुढं घातलं, मनगट त्यांच्या अंगठ्याच्या बाजूला फिरवलं आणि हात मोकळा केला.

"आता डाव्या हातानं धर," ती हळूच म्हणाली. "मामा डावखुरा हाय."

"मामाचं काय मधीच?"

"उसाच्या कडंला गाडी थांबवतोय. हात धरतोय. तुला सांगून पटलं नसतं, म्हणून इथं आले."

पण शालूबाईंची खोड जाते कुठं? पोरगी त्या सरांपायी मामावर आळ तर घेत नसेल, असंही मनात येऊन गेलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

हंबीरराव बाहेर गाडी लावून भाचीची वाट बघत होता. शालूबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "हंबीर, उद्यापासनं क्रांती बसनं जाईल."

त्याचा चेहरा उतरला. "खोटं बोलतीया ती, आक्का. मी काय बी केलं न्हाय."

शालूबाईंनी त्याला अजून काही विचारलंच नव्हतं.

त्यांनी मागनं आलेल्या क्रांतीला जवळ घेतलं आणि येणाऱ्या रिक्षाला हात केला.

"कुठं जायचं, मावशी?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"पोलीस ठाण्यात," शालूबाई म्हणाल्या, हंबीररावाला ऐकू जाईल अशा आवाजात.