मुहूर्ताची अकरा मिनिटे

“बाबांच्या पुढ्यात पेटी आली की ते कुणाचे नसतात. माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणत बसले आणि मुहूर्त अकरा मिनिटांनी टळला. मी बरोबर वेळेवर हात वर केला होता हो, पण ह्यांच्या डोळ्यांवर वाचायचा चष्मा. बघितलंच नाही बिल्कुल.”

ही हकिगत माझा मुलगा सांगतो. आर. के. पुरमच्या त्याच्या सरकारी घरात पाहुणे जेवायला आले की ती भाताच्या आधी येते. टेबलाशी माझी खुर्ची भिंत आणि फ्रिज यांच्यामध्ये आहे. शेजारचा पाहुणा उठल्याखेरीज मला उठता येत नाही. त्यामुळे तीन वर्षे मी ती शेवटच्या हशापर्यंत ऐकत आलो आहे. आता नातवाचे लग्न ठरले आहे, आणि परवा त्याच टेबलावर निर्णय झाला की या वेळी मंगलाष्टके रेकॉर्ड केलेली लावायची.

“तुम्ही आरामात पहिल्या रांगेत बसा, बाबा,” सून म्हणाली.

पहिली रांग मला नको आहे. मला पेटीमागची जागा हवी आहे, आणि ती एका खोट्या हकिगतीपायी जाते आहे. म्हणून हे लिहिणे.

नातीच्या लग्नात बँड नव्हता, डीजे नव्हता. तिची अटच होती, की जे वाजेल ते आपल्या माणसांनी वाजवलेले असावे. भावाने बासरी वाजवायची, लखनौहून येणाऱ्या तिच्या सासूबाईंनी ढोलकवर त्यांची गाणी म्हणायची, आणि मंगलाष्टके माझी. “पुस्तकातली नकोत, आबा. तुम्ही लिहिलेली,” तिने बजावले होते. मी पाच लिहिली. शार्दूलविक्रीडित, ओळीला एकोणीस अक्षरे, एकही अक्षर ओढूनताणून बसवलेले नाही. एका अष्टकात आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरसमोरचे जांभळाचे झाड होते. पाचवे तिच्या आजीवर, म्हणजे माझ्या दिवंगत पत्नीवर होते. ते मी आधी कोणाला वाचून दाखवले नव्हते.

मंगलाष्टकांचा नियम सरळ आहे. वधूवरांमध्ये अंतरपाट धरलेला असतो, आणि मुहूर्ताचा क्षण येईपर्यंत गाणाऱ्याने थांबायचे नसते. अष्टके संपली आणि मुहूर्त उरला, तर आणखी म्हणायची. आपल्याकडे भटजी घड्याळावर नजर ठेवतात आणि खूण करतात. त्या लग्नाला मराठी भटजी मिळाले नाहीत. जे पंडितजी आले ते मथुरेकडचे. अंतरपाट त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांची समजूत अशी झाली, की गाणे थांबले की पडदा काढायचा. मला मात्र खूण मिळाल्यावरच गाणे थांबवायचे होते. ही अडचण मी आदल्या दिवशीच बोलून दाखवली होती, तेव्हा मुलगा म्हणाला, “मी पंडितजींच्या शेजारीच उभा राहीन. बारा वाजून सात मिनिटांनी हात वर करतो. तुम्ही टेन्शन घेऊ नका.” हे वाक्य नातवाने ऐकले आहे. त्याला विचारावे.

हॉल मानेसरच्या अलीकडे होता. मला एका बुटक्या चौरंगावर बसवले होते. डावीकडे स्पीकर, उजवीकडे फुलांचा खांब, मांडीला टेकलेली पेटी. मनगटावरचे घड्याळ भात्याला अडकते म्हणून काढून खिशात ठेवलेले. पाच अष्टके संपली. मी मुलाकडे पाहिले. हात वर नव्हता.

मग मी सहावे सुरू केले. ते लिहिलेले नव्हते. म्हणता म्हणता रचावे लागले. एक ओळ ओठांवर असताना पुढची जुळवायची, उजव्या हाताने सूर धरायचा, डाव्याने भाता ओढायचा. घशाला कोरड पडली होती. पाण्याची बाटली दोन हातांवर होती, पण त्या दोन हातांपैकी एकही माझ्याकडे मोकळा नव्हता. सातव्याला डावा पाय बधिर झाला. आठव्यात मी पंडितजींना गुंफले, केटररला गुंफले, गुलाबजामही गुंफले. घरचे लोक आजही त्याला गुलाबजामचे अष्टक म्हणून हसतात. हसावे. वृत्त मोडलेले नाही.

नातू बासरी खाली ठेवून माझ्याकडे झुकला. “आबा, यार, अजून किती आहेत?”

“तुझा बाप हात वर करेपर्यंत.”

“मग आज आपण जेवत नाही.”

पुढे रचायचे त्राण उरले नाही, तेव्हा मी पहिली दोन पुन्हा म्हटली. लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामाने चिकटू लागल्या होत्या. थांबावे, तर पंडितजी मुहूर्ताआधीच पडदा काढणार. आणि थांबू नये, तर म्हणायला काही उरलेले नव्हते. शेवटी बारा अठराला पंडितजीच माइकवर म्हणाले, “बाबूजी, आज्ञा हो तो बच्चों को एक-दूसरे का मुँह दिखा दें?” सगळा हॉल हसला. ती हकिगत तेव्हाच जन्माला आली, आणि मी पेटीमागे बसूनच होतो, कारण पाय उठू देत नव्हता.

आता चष्म्याविषयी. वाचायच्या चष्म्यातून मला मुलाचा चेहरा दिसत नव्हता, हे कबूल. भिंतीवरचे घड्याळ दिसत नव्हते, हेही कबूल. परंतु पांढरी शेरवानी आणि वर भगवा फेटा, असे दोन डाग मला सतत दिसत होते. त्या फेट्याच्या वर हात गेला असता, तर तो दिसला असता.

लग्नाचा व्हिडिओ घरात सर्वांकडे आहे. सगळे तो पळवत पळवत ढोलकच्या गाण्यांवर नेतात. मी तो ओळीने पाहिला आहे, लांबचा चष्मा लावून, एकदा नव्हे चारदा. त्यात जे आहे ते मी टेबलावर कधी बोललो नाही, आणि पाहुण्यांसमोर बोलणारही नाही. पण नातवाच्या लग्नात पेटीमागे कोणी बसावे, हे ठरवण्याआधी मुलाने तो एकदा एकट्याने पाहावा. पाचवे अष्टक, त्याच्या आईवरचे, नुकतेच संपले आहे. त्याच्या फेट्याच्या वर भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून सात मिनिटे झाली आहेत. आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलेले आहे.