मोतीबिंदूवर दगडाचं पाणी

बारामतीची माझी सुमनमावशी मोतीबिंदूचं ऑपरेशन सोडून डोळ्यांत कुठल्याशा दगडाचं पाणी घालते, हे कळलं आणि मी शनिवारी पुण्याहून गाडी काढली. सासवड, जेजुरी, मोरगाव असा रस्ता आहे. डबा घरूनच घ्या. वाटेतल्या मिसळीत तर्री सोडून काही नव्हतं.

मावशीला घेऊन लोणी भापकरच्या पुढचा, तो दगड असलेला ओढा गाठला. तिचा डोळा लाल झाला होता.

"दगडावर थेंब मोत्यावानी उभा ऱ्हातो बग," ती म्हणाली. " मोत्यानं मोती निघतो, म्हाराज म्हनले."

ओढ्याचा तळ मात्र बघण्यासारखा. लाव्हा वाहताना वर साय धरली, आतला रस पुढं सरकत राहिला आणि सायीला दोरखंडासारख्या वळ्या पडल्या. त्या तशाच थिजल्यात. गर्दी त्यांच्यावर चपला काढून पत्र्याखालच्या एका काळ्या दगडाचं शूटिंग करत होती. शेजारी गॉगल लावलेले महाराज. गॉगल कशाला, ते त्यांनाच ठाऊक.

मी दगडाला हात लावला. बोटं बुळबुळीत झाली. मेण! त्यावर थेंब उभा राहणारच. शेजारच्या उघड्या खडकावर पाणी टाकलं, तर ते पसरून मुरलं.

"त्यो येगळा. ह्यो जागृत हाय," महाराज म्हणाले.

"एकाच लाव्ह्याचे आहेत दोन्ही."

चहाच्या टपरीवरून भांड्यांचा साबण आणला, पाण्यात कालवला आणि जागृत दगडावर ओतला. एकही मोती उभा राहिला नाही. पाणी चपटं होऊन पसरलं.

मग महाराज ओरडले, "बाईच्या हातात पाप हाय!" आणि एवढ्या माणसांनी माना डोलावल्या. साबण विटाळाचा म्हणे. घरी काय राखेनं आंघोळ करतात?

मावशी गाडीत कडाडली, "चारचौघांत माझी शोभा केलीस!"

"कर राग. पण आधी डॉक्टरकडे."

डॉक्टरांनी आधी डोळ्याची सूज उतरवायला औषध दिलं. मावशीच्या बाटलीतलं दगडाचं पाणी मी त्यांच्याच बेसिनमध्ये ओतलं. घरी पोचल्यावर मावशी गाडीचं दार आपटून आत गेली.

तुम्ही जाल तर त्या वळ्या बघायला जा. पत्र्याकडे पाठ करा.

काही आठवड्यांनी पुण्यात तिचा फोन आला. "आप्रेशन झालं गं. दगडाचं पानी घातलं हुतं, म्हनून लवकर बरं वाटलं."

माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "आगं, आपल्या सैपाकघराची भिंत निळी हाय व्हय? मला इतकी वर्सं हिरवीच वाटायची."

"निळीच आहे, मावशी," मी म्हणाले, आणि बाकीचं गिळलं.