हळदीच्या दिवशीची फायनल

ताईच्या लग्नाची तारीख निघाली तेव्हा घरच्यांनी पंचांग पाहिलं आणि मी फुटबॉलचं वेळापत्रक. जगातल्या प्रत्येक खंडातले विजेते क्लब एकमेकांशी भिडतात, त्या स्पर्धेची फायनल त्या वर्षी जपानमध्ये होती. आपल्याकडे दुपारी चारला, आणि नेमकी हळदीच्या रविवारी. एका बाजूला ब्राझीलचा क्लब, दुसऱ्या बाजूला लंडनचा. मी लंडनवाला. पनवेलजवळच्या कोन गावात जन्मलेला माणूस लंडनवाला कसा, हे आज मलाही सांगता येणार नाही, पण तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती. हळदीच्या दिवशी झब्ब्याच्या आत मी त्या क्लबची निळी जर्सी घातली होती.

बाबा त्याच उन्हाळ्यात गेले होते. बसल्या जागी छातीत कळ आली आणि संपलं. वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असा आमच्याकडे रिवाज, म्हणून सगळी घाई. आई विधवा म्हणून स्वयंपाकघरातच बसून होती, मांडवात यायला तयार नव्हती. मुलीच्या लग्नात आईबाप दोघंही नाहीत, असं ताईचं झालं होतं. आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन ती एकच गोष्ट म्हणाली, "उद्या धवल्यात बाबांचा नाव येल ना, तवा मी डोले मिटून बसनार. पानी नीट घाल."

आमच्या आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारणीचा मान. ती बाई धवला गाते, म्हणजे लग्नाची गाणी, आणि ती गायल्याशिवाय हळद लागत नाही. आमच्या घरी तिने आधी देवांना बोलवायचं, मग गावदेवीला, मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन. नाव आलं की घरच्या मुलाने उंबऱ्यावर तांब्यातून पाणी ओतायचं. लांबून चालत आलेल्या माणसाच्या पायांवर ओततो तसं. घरात मुलगा एकच, मी.

धवलारीण काकी दोन वाजता यायची होती. लग्नाचा सीझन, आणि धवला गाणारी आसपासच्या गावांत तीच एकटी राहिलेली. दुसऱ्या गावची हळद आटपून ती साडेतीनला आली. नऊवारी नीट केली, पाणी प्यायली, पान लावलं, सगळं सावकाश. मी तांब्या घेऊन उंबऱ्याशी उभा, आणि पाठीमागच्या खोलीत माझ्या मित्रांनी टीव्ही लावलेला. जमीन सरकारने घेतली आणि त्या पैशांतून बंगला आला तेव्हा बाबांनी हौसेने घेतलेला भला मोठा टीव्ही तो.

काकी एकेका देवाला बोलवत होती. प्रत्येक देवाची वाट वेगळी, वाटेतली झाडं वेगळी, आणि सगळ्यांचं वर्णन. चार वाजले. सव्वाचार झाले. मागून आरडाओरडा आला की माझा हात हले आणि पाणी नको तिथे सांडे. हाफ टाइम झाला, शून्य-शून्य, असं कोणीतरी खिडकीतून सांगितलं. काकी तेव्हा कुठे आजोबांच्या भावांपर्यंत पोहोचली होती. आमच्या घराण्यात माणसं काही कमी मेली नव्हती.

सेकंड हाफ सुरू झाल्याचं कळलं आणि मी वाकून काकीच्या कानाशी म्हटलं, "काकी, आवर ना जरा."

तिने गाणं न तोडता मान हलवली. एक ओळ संपल्यावर म्हणाली, "धवला आवराचा नसतो रं. त्यांना चालत यावा लागतो. टाईम लागतो."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मागच्या खोलीत पुन्हा ओरडा झाला आणि माझं टाळकं सटकलं. मी मोठ्याने म्हणालो, "कोन ऐकतंय काकी तुजा? सगले डीजेची वाट बगतान. उरकून टाक."

दोन-चार पोरं हसली. खरं सांगायचं तर मला ते हसणं आवडलंही. काकीने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पदर सावरला, मधलं सगळं सोडलं आणि शेवटच्या दोन ओळी म्हणून हात जोडले. ताई पाटावर डोळे मिटून बसली होती. पुढच्या नावांसाठी नुकताच भरून घेतलेला तांब्या मी उंबऱ्याशी ठेवला आणि पळालो.

गोल झाला, तो ब्राझीलवाल्यांचा. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं मी देवाचा धावा केला. काकी ज्या देवांना तासभर बोलावत असताना मी घड्याळ बघत होतो, त्यांचाच. मॅच एक-शून्यने गेली. मी उशीत तोंड खुपसून बसलो, आणि मित्रांनी मला धीर दिला, जणू माझ्याच घरातलं कोणी गेलं होतं.

बाहेर आलो तेव्हा ताईचं तोंड हळदीने भरलं होतं. तिने मला जवळ बोलावलं.

"बाबांचा नाव मना आयकू नाय आला. घेतला ना काकीनं? पानी घातलास ना?"

"घातला ना," मी म्हणालो. "तुजा लक्ष नव्हता."

ती माझ्या खांद्यावरून मागे पाहत होती. मी वळलो. उंबऱ्याशी तांब्या होता तसाच, काठोकाठ भरलेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही खरं बोलायला जीभ उचलली नाही. दुसऱ्या दिवशी वऱ्हाडाबरोबर करंज्याला सासरी निघाली तेव्हा ती सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्या डोक्यावर नुसता हात ठेवला.

चार वर्षांनी माझं लग्न ठरलं. काकीला बोलवायला गेलो तेव्हा माफी मागायची असं मनाशी घोकून गेलो होतो. तिने चहा दिला, मी चहा प्यायलो, तारीख सांगितली आणि परत आलो. इतकाच माझा दम.

ती आली. आवाज आता फाटका झाला होता. देव झाले, गावदेवी झाली, आजोबा झाले. या वेळी घाई मला नव्हती. वाटत होतं, हे संपूच नये, पुढचं नाव येऊच नये. बाबांच्या नावाशी आली आणि ती थांबली. तिने ताईला हाक मारली.

"बाय, तू ये. पयला बोलावना तुजा राहिलाय. तुज्या लग्नाचा."

ताई उठली. माझ्या हातातून तांब्या घेतला, माझ्याकडे न बघता. काकीने बाबांचं नाव घेतलं, पूर्ण, त्यांच्या बापाच्या नावासकट, आणि ताईने डोळे मिटून उंबऱ्यावर पाणी ओतलं. थेंब थेंब करत सगळं ओतलं, तांब्या पार उलटा होईपर्यंत. मग तो माझ्या हातात दिला.

काकीने दुसऱ्यांदा नाव घेतलं. हे माझ्या लग्नाचं बोलावणं. मी तांब्या वाकडा केला आणि त्यातून काहीच आलं नाही. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता.

"जा, भरून आन," काकी म्हणाली. "आज कोनाला घाई नाय."

मी मोरीकडे गेलो. नळाला धार बारीक होती. तांब्या भरेपर्यंत ती बाबांचं नाव पुन्हा पुन्हा गात राहिली.