दुसऱ्या चाचणीपर्यंत

संशोधनातल्या शिस्तीचं कुणी कौतुक करायला लागलं की माझं डोकं फिरतं. ती शिस्त मी पाळली आहे, म्हणून बोलते.

परभणीत पीएचडी करत होते. विषय होता, खेड्यातल्या बाया शक्यतेचं गणित कसं शिकतात. आधी एक चाचणी, सहा महिन्यांनी शिकवणी आणि लगेच दुसरी चाचणी. मधल्या काळात कुणालाही उत्तर सांगायचं नाही, असा आमच्या मार्गदर्शक सरांचा दंडक. उत्तर फुटलं की आकडे नासतात म्हणे. सर स्वतः वस्तीवर कधी आले नाहीत, त्यांना धूळ सोसत नव्हती.

एक प्रश्न मात्र त्यांनी हौसेनं घातला होता. एका बाईला तीन मुली आहेत, चौथं काय होईल? मुलगा, मुलगी, की दोन्हींची शक्यता जवळपास सारखी? प्रश्न लोकांच्या जगण्यातला हवा, म्हणत होते आणि स्वतःवर खूश होत होते.

जिंतूर रस्त्यालगतच्या वस्तीवर, मेंढरं राखणाऱ्या एका घरात सासू-सून दोघींनी पहिली चाचणी दिली. सुनेला खरोखरच तीन मुली होत्या. दोघींनी 'मुलगा' सांगितलं, मी मुकाट खूण केली. निघाले तेव्हा सून रस्त्यापर्यंत सोडायला आली.

"ताई, मला आपरेशन करून घ्यायचंय. अंगात ताकद राह्यली न्हाई. सासू म्हणायल्यात, तीन पोरी झाल्या, आता पोराचाच नंबर हाय. तुमचं गणित काय म्हणतंय?"

एक वाक्य पुरलं असतं. सासू माझं ऐकायची, शिकलेली म्हणून मला बाजेवर बसवून स्वतः खाली बसायची. पण मी काय म्हणाले? "पुढच्या खेपेला सांगते." वर गोड हसले. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या तोंडाची किळस येते.

सहा महिन्यांनी गेले तर तिला पाचवा महिना लागलेला. चेहरा पांढराफटक, पावलांवर सूज. मी निर्लज्जासारखी पिशवीतून नाणी काढली आणि शिकवायला बसले. लागोपाठ तीनदा छापा पडल्यावर चौथ्यांदा काय पडतं, हे तिनं पुन्हा पुन्हा नाणं उडवून पाहिलं. तासाभरात तिला सगळं उमगलं. दुसऱ्या चाचणीत तोच प्रश्न आला, ती चटकन म्हणाली, "सारखंच."

मग हातातलं नाणं तिनं खाली ठेवलं.

"म्हंजे नंबर-बिंबर काय नसतो?"

"नाही."

"हे तुमाला तवाच ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोल्ल्या का न्हाईत?"

"चाचणी बिघडली असती," मी म्हणाले.

सासूनं आणलेला चहा मी प्यायले आणि सुनेला पूर्ण गुण दिले. सरांना तो कागद फार आवडला. सगळ्यात जास्त प्रगती हिचीच, म्हणाले. मी तो प्रबंधात घातला.