जेवणानंतरचा एक तास

हेरिमला मी ओळखत होतो असं म्हणणं धाडसाचं होईल. ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी. पहिल्या तीस वर्षांत आमचं बोलणं झालं ते सणावारी, तेही "ये", "बस", "निघालीस का" एवढंच. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला आजही नीट ठाऊक नाही. जे कानावर आलं आणि नाकाला जाणवलं तेवढंच लिहितो. ते काही सुंदर नाही.

आम्हा कोरियातल्या आंदोंगच्या लोकांत वाडवडिलांचं श्राद्ध अजून साग्रसंगीत होतं. थोरला म्हणून माझ्या घरी. श्राद्ध झालं की पितरांपुढचं सगळं घरच्यांनी संपवायचं. तो त्यांचा आशीर्वाद; नको म्हणणं म्हणजे मेलेल्यांचा अपमान. खारवलेल्या शार्कचे तुकडे, तेलकट धिरडी, दाताला चिकटणारे तांदळाचे गोळे. वाढायला माझी बहीण मालसुन. वाढता वाढता ती पोरींचे दंड चाचपते, बाजारात कोंबडी चाचपावी तसे. हेरिम शाळेत होती तेव्हा मालसुन भर पंगतीत म्हणाली होती, "हिचं तोंड बघा, पुनवेचा चंद्र! हिच्या नवऱ्याला कंदील घ्यावा लागायचा नाही." सगळे हसले. तोंडातला घास दिसेपर्यंत हसले.

पुढे हेरिम वाळत गेली. देगू शहरातल्या एका मोठ्या दुकानात ती पावडर-लिपस्टिक विकायची. घरातल्या एका लग्नात तिच्या गळ्याची हाडं वर आली होती, आणि त्याच दिवशी तिचं सगळ्यात जास्त कौतुक झालं. "काय करतेस गं? आम्हालाही सांग की!" मालसुन म्हणाली.

ती काय करत होती ते माझ्या न्हाणीघरात कळलं. पंगतीत ताट चाटूनपुसून खायची, मग आत जाऊन नळ सोडायची. नळाच्या आवाजाखाली दुसरा आवाज असे. मोरी तुंबली तेव्हा मीच काठी घालून साफ केली. साबणाने धुऊनही हाताचा आंबूस वास जाईना. मला शिसारी आली. पण त्या लग्नाचे फोटो पाहिले की त्याहून जास्त येते. अर्धमेली पोर, आणि भोवती टाळ्या वाजवणारे तेलकट हात.

एक दिवस ती दुकानातच कोसळली. उलट्यांनी रक्तातले क्षार एवढे उतरले होते की हृदय बंद पडलं असतं. "अशाच उलट्या चालू राहिल्या तर पडेलही," डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. वेळच्या वेळी जेवण. जेवल्यावर तासभर कुणीतरी सोबत. आणि तिच्या अंगाबद्दल चकार शब्द नाही.

"छान दिसतेस, एवढंही नाही?" भावजयीने विचारलं.

"ते तर मुळीच नाही."

भावजय तिचा घास न् घास डोळ्यांनी मोजायची. शेवटी हेरिम म्हणाली, "मी काकांकडे राहते. ते बोलत नाहीत."

मी भात आणि सोयाबीनचं सूप करायचो. जेवण झालं की घोंगडी अंथरून आम्ही फुलांच्या चित्रांचे आमच्याकडचे पत्ते खेळायचो. ती बिनदिक्कत लबाडी करायची. एकदा पत्ते पिसता पिसता म्हणाली, "लोकांना वाटतं मला बारीक व्हायचंय. सुरुवातीला होतं तसं. आता नुसतं सगळं बाहेर काढायचं असतं. खाल्लेलं, आणि ऐकलेलंसुद्धा."

मी गड्डी कापून दिली.

मग आमच्या वडिलांचं, आबांचं श्राद्ध आलं. मालसुनला मी आधीच फोन करून बजावलं होतं. "मी कशाला बोलू? मला काय पोरंबाळं नाहीत?" ती म्हणाली. आणि दारातून आत येताच: "अगं बाई! कशी भरलीस! आता माणसात आलीस बघ." दोन्ही गालांना चिमटे. आमच्याकडे याहून मोठा आशीर्वाद नाही. वर ताटात शार्कचा ढीग. "आबांचा प्रसाद आहे, टाकायचा नाही हं."

हेरिमने सगळं खाल्लं, जेवायच्या काड्या खाली ठेवल्या आणि उठली. नळ सुटल्याचा आवाज आला. मी न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

"काका, जा ना."

"तास व्हायचाय."

"आजच्या दिवस."

"पत्ते वाटून ठेवलेत." वाटले नव्हते.

बराच वेळ नुसतं पाणी वाहत होतं. मग आतून आवाज आला, "तोंडात अजून त्या शार्कची चव आहे. शी!"

"मलाही घाण वाटतो तो. जन्मभर खातोय."

ती हसली की रडली, कळलं नाही. नळ बंद झाला.

पितरांच्या ताटाशेजारीच घोंगडी अंथरली.

"दादा! आबांच्या फोटोसमोर जुगार?" मालसुन ओरडली.

"मालसुन, परत तिच्या गालाला हात लावलास तर पुढच्या वर्षी येऊ नकोस."

"चांगलंच तर बोलले मी!" तिच्या ओठांवरून तेल ओघळत होतं.

"तेच तर."

त्यानंतरही मोरी तुंबली. एकदा नव्हे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे असंच असतं, घसरत घसरतच माणूस वर येतं. मग हळूहळू तुंबायची थांबली.

वसंतात तिला पोहांगला नोकरी लागली. तिथून फोन येतात, पण भेट नाही. ती निघाली त्या दिवशी बसस्टँडवर सोडायला गेलो होतो. बाकावर बसून आम्ही उकडलेली अंडी सोलत होतो.

"काका, ते दुसरं तुम्ही खाणार आहात?"

"नाही."

"मग द्या इकडे. मीठ?"

"पुडीत बघ."

"बस लागली वाटतं. जाते मी."

"हं. जा."